कोणत्या अशोकाची साल?

आमच्या शाळेच्या कंपाउंडला लागून अशोकाची रांग होती. उंच, सडसडीत झाडं, पानं खाली लोंबणारी, कडा नागमोडी. बोईसरमध्ये ही झाडं सगळीकडे दिसतात. एमआयडीसीच्या रस्त्यांवर, बँकेच्या गेटाशी, कॉलनीच्या भिंतीला चिकटून. गेल्या वर्षी मे महिन्यात मला एक रील दिसली. एक ताई अशाच एका झाडापाशी उभ्या राहून सांगत होत्या, की पाळीत जास्त जात असेल, पीसीओडी असेल, पांढरं जात असेल, तर औषध तुमच्या बिल्डिंगखालीच आहे. अशोकाची साल काढायची, उकळायची, प्यायची. खाली कमेंटमध्ये शेकडो बायकांनी ‘माहिती पाठवा’ लिहिलं होतं.

त्या ज्या झाडाला टेकून उभ्या होत्या, तो अशोक नव्हता. त्याला आपल्याकडे लोक अशोक म्हणतात, गुजरातकडचे आसोपालव म्हणतात, दसऱ्याच्या तोरणात त्याचीच पानं असतात. वनस्पतिशास्त्रात तो पॉलिअल्थिया. आयुर्वेदातला अशोक वेगळा. तो सीतेचा अशोक, सराका असोका. बुटका, डेरेदार, फांद्यांवरच केशरी-लाल फुलांचे गुच्छ लागणारा, सह्याद्रीच्या दमट जंगलात वाढणारा आणि तिथेही आता कमी होत चाललेला. ही दोन झाडं एकमेकांची लांबची नातेवाईकसुद्धा नाहीत. बाजारात अशोकाची साल म्हणून जे विकलं जातं, त्यात या कंपाउंडच्या अशोकाची भेसळ होते, ही गोष्ट औषधी वनस्पतींवर काम करणाऱ्यांना खूप जुनी आहे. मला ती अठ्ठाविसाव्या वर्षी कळली.

मी बॅकएंडचं काम करते. दोन वेगळ्या गोष्टींना एकच नाव दिलं की पुढे काय होतं, हे मला पगारापुरतं तरी माहीत आहे. पण ही रील मी हसून सोडून दिली नाही, कारण तेव्हा आईला हॉस्पिटलमधून घरी आणून तीन आठवडे झाले होते.

आई सत्तेचाळीस वर्षांची. हिमोग्लोबिन ५.६. बायकांमध्ये ते १२ असायला हवं. दीड वर्ष तिला पाळीत भरमसाट जात होतं, मग पाळी नसतानाही जायला लागलं. स्टेशनवरच्या जिन्यावर तिला धाप लागायची तेव्हा आम्ही वजनाचा विषय काढायचो. बाबा पंचवीस वर्षं तारापूरच्या औषधांच्या कारखान्यांत ऑपरेटर. घरात गोळ्यांची नावं भाजीच्या नावांसारखी येतात-जातात. तिने त्यांनाही सांगितलं नाही, मलाही नाही. कपाटात अशोकारिष्टाच्या बाटल्या होत्या, दोन रिकाम्या, एक अर्धी. शिवाय कोणीतरी दिलेली एक पुडी, तिच्यात काय होतं ते आजही माहीत नाही. डॉक्टरांनी विचारलं, ‘काकू, किती दिवसांपासून?’ तर आई म्हणाली, ‘औषध चालू आहे ना.’ रक्ताच्या तीन पिशव्या चढल्या. सोनोग्राफीत नऊ सेंटिमीटरची गाठ निघाली. फायब्रॉइड, साधी, कर्करोगाची नव्हे. गर्भाशय काढावं लागलं.

त्यानंतर मी वाचायला लागले. रागाने वाचायला लागले, हे आधीच सांगून टाकते. मला दोषी हवा होता आणि तो काढा असेल तर सोयीचं होतं.

पहिल्यांदा वाचले ते घरगुती औषधांचे संग्रह. आजीबाईचा बटवा, स्त्रियांचे आजार व उपचार, अशी नावं असलेली. ही पुस्तकं तुमच्याही घरी असतील, पंचांगाच्या शेजारी. त्यांची भाषा बघा. ‘साल स्वच्छ धुवावी. भरड करावी. दुधात आटवावी. सकाळ-संध्याकाळ घ्यावी. गुण येतो.’ सगळी क्रियापदं ‘वे’ आणि ‘वी’ मध्ये संपतात. कोण सांगतंय ते नाही, कोणाला सांगतंय तेही नाही. ही मराठीतली फार जुनी आणि एका अर्थाने सुंदर वाक्यरचना आहे. व्रतकथांमध्ये आहे, पाककृतींमध्ये आहे. पाककृतीत ती चालते, कारण करंजी फुटली तर समोर दिसते. औषधात ‘गुण येतो’ या दोन शब्दांनंतर पुढचं वाक्यच नाही. नाही आला तर? किती दिवसांत आला पाहिजे? काय झालं तर थांबवावं? माझ्या कामाच्या भाषेत सांगायचं तर लूप आहे आणि बाहेर पडायची अट नाही. आई त्या लूपमध्ये दीड वर्ष फिरत होती, अगदी शिस्तीत, जेवणानंतर दोन-दोन चमचे.

रील या पुस्तकांपेक्षा आधुनिक वाटते, पण तिचं व्याकरण तेच आहे. ‘वे’ जाऊन ‘यचं’ आलं, एवढंच. घ्यायचं, उकळायचं, प्यायचं. तिथे बोलणारीचा चेहरा मात्र दिसतो, म्हणून ती आपल्याशी बोलतेय असं वाटतं. ती ऐकू शकत नाही हे लक्षात येत नाही. बाकी, पाळीच्या तक्रारी दुरुस्त करणाऱ्या औषधांची जाहिरात करायला आपल्याकडे १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. औषधे आणि जादूटोण्याचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींचा तो कायदा. त्याच्या कलमातच ऋतुस्रावाच्या विकारांचा वेगळा उल्लेख आहे. म्हणजे सत्तर वर्षांपूर्वीही या दुखण्यावर बाजार होता आणि तो लोकांना ओळखू येत होता.

या संग्रहांचा एक दावा असा असतो की हे सगळं ग्रंथांमधून आलंय. ते खोटं नाही. चरकाच्या चिकित्सास्थानात स्त्रियांच्या जननेंद्रियांच्या वीस विकारांची, योनिव्यापदांची, चर्चा आहे. अशोकाची साल रक्तस्रावावर वापरायची परंपरा जुनी आहे. अशोकारिष्टाचा पाठ भैषज्यरत्नावलीतला. साल, गूळ आणि आंबवण्यासाठी धायटीची फुलं. धायटी आपल्या डोंगरांत भरपूर. पण चरकात आधी वीस प्रकार वेगळे केले आहेत, मग औषध. बटव्यात येईपर्यंत विसाचा एक झाला: ‘बायकांच्या तक्रारी’. निदान गळलं आणि पाठ उरला. ग्रंथाची साक्ष काढणाऱ्यांनी ग्रंथातली अवघड अर्धी बाजू टाकून दिली, असं मला वाटतं.

मग एका मैत्रिणीने डॉ. राणी बंग यांची पुस्तकं सुचवली. ‘कानोसा’ आणि ‘गोईण’. मी दोन्ही मागवली. आणि त्यांच्याही आधी, सवयीने, त्यांचा तो प्रसिद्ध शोधनिबंध शोधला. मला इथे या तिघांबद्दल एकत्र बोलायचं आहे, कारण ती सुटी वाचली तर तिन्हींवर अन्याय होतो.

निबंध १९८९ च्या जानेवारीत ‘लॅन्सेट’मध्ये आला. गडचिरोली जिल्ह्यातली वसा आणि अमिर्झा ही दोन गावं. १३ वर्षांवरच्या ६५० मुली आणि बायकांची तपासणी. ९२ टक्के जणींना स्त्रीरोगाची एक ना एक तक्रार सापडली, सरासरी प्रत्येकीला ३.६. ५५ टक्के जणींनी त्रास होतो असं सांगितलं होतं, उरलेल्या काहीच होत नाही म्हणाल्या होत्या. आणि याआधी कधीतरी अशी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. त्या काळी गावातल्या बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, एवढाच सरकारी विचार होता. या आकड्यांनी तो हलवला. जगभर हा निबंध त्यासाठी ओळखला जातो.

मी तो वाचला तेव्हा ९२ पेक्षा मला त्या गप्प ४५ टक्क्यांनी धरून ठेवलं. विचारलं तर ‘काही नाही’ म्हणणाऱ्या. मराठीत याला नेमका शब्दप्रयोग आहे, दुखणं अंगावर काढणं. आणि पांढरं किंवा लाल जाण्याला म्हणतात अंगावरून जाणं. आईने दोन्ही एकदम केलं. अंगावरून जात होतं ते अंगावर काढलं.

निबंध जिथे थांबतो तिथून ‘कानोसा’ सुरू होतं असं म्हणता येईल. नावातच पुस्तकाची रीत आहे. कानोसा घेणं म्हणजे दाराआडून, अंदाजाने, न बोललेलंही ऐकणं. स्त्रीरोगात एमडी केलेली, परदेशात सार्वजनिक आरोग्य शिकून आलेली डॉक्टर गावातल्या बायका आणि सुईणींकडून शिकायला बसते. पाळी, पांढरं जाणं, मूल न होणं, गर्भपात, बाळंतपण. शरीराच्या आत काय आहे याची त्यांची कल्पना काय, कशाला त्या दुखणं समजतात आणि कशाला नाही, कोणाकडे जातात, काय लावतात, काय पितात. औषधी झाडं यात येतात, पण यादीतून येत नाहीत, बोलण्यातून येतात. पांढरं जाण्याचंच घ्या. वैद्यकात हे बऱ्याचदा साधं लक्षण, कधी जंतुसंसर्ग. गडचिरोलीच्या बायकांच्या लेखी मात्र त्यातून शरीरातली ताकद वाहून जाते, म्हणून ते गंभीर. ही समजूत देशात इतरत्रही आहे. हे समजून घेतल्याशिवाय, त्या बाईला पाळी सोडून पांढऱ्यासाठीच औषध का हवं असतं, ते कळत नाही. आपल्याकडे याला धुपणी म्हणतात, माहीत आहे? मला माहीत नव्हतं. धुपणं म्हणजे माती पाण्याबरोबर वाहून जाणं. एका शब्दात आख्खी व्याधीची कल्पना आहे आणि ती माझ्या पिढीच्या मराठीतून निघून गेली. आमच्याकडे ‘डिस्चार्ज’ आहे. तोच शब्द हॉस्पिटलमधून सोडतात तेव्हाही वापरतात.

बटव्याची पुस्तकं आणि ‘कानोसा’ यांतला फरक मला इथे दिसतो. बटव्यात उपाय आहे, बाई नाही. ‘कानोसा’त बाई आहे, म्हणून उपायाचा अर्थ लागतो. गावातली सुईण मूळ उगाळून देते तेव्हा ती चार दिवसांनी पाणवठ्यावर पुन्हा भेटणार असते. विचारणार असते, कसं आहे. ते मूळ किती गुणाचं हा प्रश्न वेगळा. पण ‘कसं आहे’ हा प्रश्न औषधाचाच भाग होता. पुस्तकात उतरताना, बाटलीत भरताना, रीलमध्ये येताना मूळ आलं आणि प्रश्न मागे राहिला.

‘गोईण’बद्दल माझं मत इतकं सरळ नाही. गोईण म्हणजे मैत्रीण. गडचिरोलीच्या बायकांचं झाडांशी असलेलं नातं हा पुस्तकाचा विषय. खाणं, औषध, रीतभात, सगळ्यांत झाड कसं येतं ते. वाचायला ते ‘कानोसा’पेक्षा कितीतरी सुखाचं आहे, आणि माझी अडचण तीच आहे. माझ्यासारखा शहराच्या कडेला राहणारा वाचक ते वाचून हळवा होतो. झाड ही मैत्रीण, जंगल हे माहेर, आणि आपण हे सगळं गमावलं. दोष पुस्तकाचा नाही, आपल्या वाचण्याचा आहे. पण पुस्तकाने या वाचकाला जरा अडवायला हवं होतं. ज्या बायका इतकी झाडं ओळखतात, त्यांच्याच जिल्ह्यातल्या दोन गावांत १०० पैकी ९२ जणींना दुखणं होतं. तीच लेखिका, तोच प्रदेश. हे दोन मजकूर एकमेकांच्या शेजारी ठेवले की हळवेपणा टिकत नाही. झाडं होती, ज्ञान होतं, मैत्रिणी होत्या, आणि तरी संसर्ग होता, रक्तक्षय होता. ‘गोईण’ वाचलेल्या प्रत्येकाने तो चार पानांचा निबंध वाचावा आणि निबंधाचे आकडे भाषणात वापरणाऱ्यांनी ‘गोईण’.

एक तक्रार या सगळ्या लेखनाबद्दलच. निबंधाने रोग मोजले, पुस्तकांनी उपाय ऐकले. त्या उपायांनी त्या रोगांचं काय केलं, हे सांगणारा तिसरा मजकूर मला हवा होता. कोणतं मूळ निरुपद्रवी, कोणतं खरंच आराम देतं, कोणतं जीव घेतं. जीव घेणारीही आहेत. गर्भ पाडण्यासाठी चित्रकाचं किंवा रुईचं वापरण्याची रीत देशात अनेक भागांत नोंदलेली आहे आणि त्यात बायका मेल्या आहेत. तेही ‘पारंपरिक ज्ञान’च. १९७१ पासून गर्भपाताचा कायदा आहे, तरी.

त्या तिसऱ्या मजकुराच्या जवळ जाणारं एक पुस्तक इंग्रजीत आहे. ‘शोधिनी’ या बायकांच्या गटाचं, १९९७ मध्ये काली फॉर विमेनने काढलेलं, ‘टच मी, टच-मी-नॉट’. नावात लाजाळूचं झाड आहे आणि शिवायचं-न शिवायचंही आहे. त्यांची भूमिका स्वच्छ आहे. गावोगावच्या जाणत्या बायकांकडचं झाडपाल्याचं ज्ञान गोळा करायचं आणि सोबत बायकांनी स्वतःचं शरीर स्वतः पाहायला, ओळखायला शिकायचं. झाड आणि शरीर, दोन्हींची ओळख एकदम. या पुस्तकाचा आवाज मला कधीकधी जास्तच ठाम वाटला, चळवळीचा असतो तसा. पण बटव्यात गळालेलं निदान त्यांनी परत आणलं आणि तेही बाईच्या हातात दिलं. मराठीत असं पुस्तक असतं आणि आईच्या कपाटात असतं, तर? असू दे. हा प्रश्न मी फार वेळा विचारून झाला आहे.

आता बोईसर. जूनच्या सुरुवातीला, पहिल्या पावसाच्या आगेमागे, स्टेशनजवळच्या बाजारात मनोर-विक्रमगडकडच्या वारली बायका शेवळं घेऊन बसतात. जांभळट, लांबट, कणसासारखा कोंब. भाजी नीट केली नाही तर घशाला भयानक खाज सुटते, कारण त्यात ऑक्झलेटचे बारीक स्फटिक असतात. त्यावर उतारा म्हणजे काकडं, हिरवी आंबट फळं. यावर्षी मी मुद्दाम नुसती शेवळं मागितली. ती बाई माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, ‘काकडं घे बाय, नायतर घसा धरल.’ मी म्हटलं, चिंच आहे घरी. तर म्हणाली चिंच चालेल, पण हीही घेच, आणि ओंजळभर काकडं पिशवीत टाकली, पैसे न घेता. मग विचारलं, याआधी केली आहेस का? कोणाला विचारून करशील?

पारंपरिक ज्ञान हा शब्द मी ऐकते तेव्हा मला आता हा सौदा आठवतो. तिने मला भाजी विकली नाही, भाजी आणि उतारा आणि एक चौकशी असं एकत्र दिलं. रील म्हणजे काकडांशिवाय शेवळं. आईची बाटलीसुद्धा.

मी त्या बाईला देवी करत नाहीये. तिला स्वतःला पाळीत किती जातं, तिचं हिमोग्लोबिन किती, हे मला माहीत नाही, आणि ९२ चा आकडा आठवला की अंदाज करायचीही भीती वाटते. पालघर जिल्हा २०१४ मध्ये वेगळा झाला. एका अंगाला अणुवीज केंद्र आणि कारखाने, दुसऱ्या अंगाला जव्हार-मोखाडा. सोनोग्राफीसाठी तिला गाडी बदलत बोईसर किंवा पालघर गाठावं लागणार. भगत जवळ, बाटली जवळ, डॉक्टर लांब. अशा ठिकाणी ‘अंधश्रद्धा सोडा, डॉक्टरकडे जा’ म्हणणारा लेखही मला रीलइतकाच आळशी वाटतो. आणि डॉक्टरकडे गेल्यावर सगळं ठीक होतं असंही नाही. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड कामगार बायकांची बातमी आली. पांढरं जातं, पोटात दुखतं म्हणून गेलेल्या तरुण बायकांच्या पिशव्या काढल्या होत्या. सरकारला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. तिथेही कोणी कानोसा घेतला नव्हता. म्हणून आईच्या ऑपरेशनआधी मी डॉक्टरांना दोनदा विचारलं, पिशवी काढणं गरजेचंच आहे का. त्यांनी दोन्ही वेळा न चिडता समजावलं. ते माझं नशीब की इंजिनियर मुलगी सोबत असल्याचा परिणाम, कोणास ठाऊक.

एक गंमत राहिली. आईचा स्राव थांबवायला पहिल्यांदा जी गोळी दिली ती नोरेथिस्टेरॉन. काढ्याची बाजू घेणारे याला ‘केमिकल’ म्हणतील. बाबांच्या पगाराचं गणित त्या केमिकलवरच चालतं, म्हणून मी तिचा इतिहास शोधला. नोरेथिस्टेरॉन पहिल्यांदा बनलं मेक्सिको सिटीत, १९५१ मध्ये. त्यामागे रसेल मार्कर या रसायनशास्त्रज्ञाने १९४० च्या दशकात लावलेला शोध होता, की मेक्सिकोच्या जंगलातल्या रानटी कंदापासून प्रोजेस्टेरॉन बनवता येतं. डायोस्कोरियाचा कंद. पावसाळा संपल्यावर आमच्या बाजारात करांदे येतात ना, उकडून खातो ते, ते डायोस्कोरियाच. याच घराण्यातले कडू कंद आमच्याकडचे आदिवासी काप करून वाहत्या पाण्यात ठेवतात, कडूपणा आणि विषारीपणा जाईपर्यंत. म्हणजे गोळी आणि झाडपाला हे भांडण वाटतं तितकं सोपं नाही. पण लगेच कोणी रील करू नये. करांदे खाऊन हार्मोन मिळत नाही. कंदातल्या द्रव्याचं हार्मोन माणसाच्या शरीरात बनत नाही, ते प्रयोगशाळेतच बनवावं लागतं. मार्करने कंद ओळखला, त्यातलं द्रव्य वेगळं केलं, ते किती हे मोजलं. कडू कंदाचे काप पाण्यात ठेवणारी बाईही ओळखते, धुते, चाखून बघते, मगच पोरांना देते. दोघांच्या रीतीत मला फार अंतर दिसत नाही. अंतर आहे ते या दोघांच्या आणि ‘गुण येतो’ लिहिणाऱ्याच्या मध्ये.

‘कानोसा’ मी वाचून हॉलमध्ये ठेवलं होतं. आई कादंबऱ्याही वाचत नाही, पण दुपारची ते वाचायला लागली. मी विचारलं नाही. आठेक दिवसांनी रात्री भांडी लावताना म्हणाली, ‘तुझ्या आजीलाही असंच जायचं.’

आजी म्हणजे आईची आई. जळगावकडची. आई एकोणीस वर्षांची असताना ती गेली. आमच्या घरात कायम एवढंच सांगितलं गेलं, की ती अशक्तपणाने गेली. मी हे लहानपणापासून ऐकलंय आणि कधीही, इंजिनियरिंग केल्यावरसुद्धा, विचारलं नाही की अशक्तपणाने माणूस मरतो कसा.

‘किती दिवस जायचं?’ मी विचारलं.

‘चिंध्या मीच धुवायचे ना. वर्षभर तरी. जास्तच.’ मग ती म्हणाली की गावात एक म्हातारी होती, ती काहीतरी साल द्यायची. तेव्हा आजीला बरं वाटायचं. म्हातारी रोज येऊन बसायची, म्हणून बरं वाटायचं की सालीने, ते आईला सांगता येत नाही. पुढे म्हातारी वारली. साल मात्र घरात होती, आजी ती उकळून घेत राहिली.

कोणत्या झाडाची साल, ते आईला आठवत नाही. अशोकाची म्हणायचे, म्हणाली. कोणता अशोक, मी विचारलं. तिने खिडकीतून कॉलनीच्या भिंतीकडे बोट दाखवलं आणि मग स्वतःच म्हणाली, ‘नाही, असा उंच नव्हता गं.’

पुस्तक सध्या खालच्या मजल्यावरच्या काकूंकडे आहे. आईने परस्पर दिलं. त्यांना दोन महिन्यांपासून पंधरा-पंधरा दिवसांनी पाळी येते आहे, हे आईला माहीत होतं आणि मला नव्हतं. बुधवारी त्या दोघी सोनोग्राफीला जाणार आहेत.